प्रेक्षक मूर्ख नव्हता

फसलेल्या माणसाला हसण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. बाजारात कोणाचे पाकीट मारले गेले, तर चोराला शोधण्याआधी चार जण पाकीटवाल्यालाच विचारतात, "मागच्या खिशात ठेवलेतच कशाला?" हीच खोड सुशिक्षित माणसाला लागली की तिला 'चिकित्सक दृष्टी' असे भारदस्त नाव मिळते. अमेरिकेतल्या टीव्हीवरील शार्कपटांचे आणि ते पाहून खवळलेल्या तिकडच्या प्रेक्षकांचे प्रकरण मी गेली काही वर्षे मिळेल तिथून वाचतो आहे. ज्या वाहिनीने हा उद्योग केला तिची चीड येतेच. पण तिने नेमलेले नसताना, एक पैसा फी न घेता तिची वकिली करणारे जे शहाणे जागोजाग भेटतात, त्यांची चीड त्याहून अधिक येते. हा लेख त्यांच्याविरुद्ध आहे, हे आधीच सांगून टाकतो.

प्रकरण असे. 'डिस्कव्हरी' ही वाहिनी १९८८ सालापासून दर उन्हाळ्यात एक आठवडा केवळ शार्क माशांना वाहून टाकते. 'शार्क वीक' हे त्याचे नाव. आपल्याकडे गणपतीतले देखावे, तसा तिकडे हा आठवडा. लोक वाट पाहतात, मित्रांना घरी बोलावतात. ४ ऑगस्ट २०१३ च्या रविवारी या आठवड्याचा नारळ फुटला तो 'मेगॅलोडॉन : द मॉन्स्टर शार्क लिव्हज' या दोन तासांच्या कार्यक्रमाने. मेगॅलोडॉन हा शार्क खरोखरीच होऊन गेला. त्याचा एकेक दात तळहाताएवढा, आणि व्हेल हे त्याचे भक्ष्य. फक्त त्याला नाहीसे होऊन जुन्या हिशेबाने २६ लाख आणि नव्या अभ्यासाप्रमाणे सुमारे ३६ लाख वर्षे झाली आहेत. कार्यक्रमाचे म्हणणे, तो अजून आहे.

आता हे म्हणणे मांडले कसे ते पाहा. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी एक मासेमारीची बोट बुडाली, तिच्यावरची माणसे गेली, आणि त्यांच्याच कॅमेऱ्यात टिपलेले शेवटचे क्षण हाती लागले, अशी सुरुवात. मग कॉलिन ड्रेक नावाचे सागरी जीवशास्त्रज्ञ पडद्यावर येतात. चेहऱ्याखाली नाव, नावाखाली हुद्दा. ते शोधमोहिमेवर निघतात. मध्येच दुसऱ्या महायुद्धातले जर्मन पाणबुड्यांचे जुने चित्र येते आणि त्यात पाण्यावर एक अजस्र कल्ला दिसतो. यातले खरे काय? बोट बुडाली नव्हती. कोणी मेले नव्हते. ड्रेक हे एका नटाने केलेले पात्र होते. चित्रातला कल्ला मागाहून चिकटवलेला होता. आणि हे सगळे कुठे सांगितले? कार्यक्रम संपताना, चार-दोन सेकंद टिकणाऱ्या एका पाटीवर. कार्यक्रमात दिसणाऱ्या संस्थांचा त्याच्याशी संबंध नाही, काही प्रसंग व पात्रे नाट्यरूप आहेत, तरी असा शार्क दिसल्याच्या वार्ता आजही येतात, असा त्या पाटीचा आशय. म्हणजे कबुलीजबाब देतानाही यांनी थोडे खोटे हातचे राखलेच!

हा कार्यक्रम ४८ लाख लोकांनी पाहिला. शार्क वीकच्या इतिहासातला तोवरचा तो उच्चांक होता. मेगॅलोडॉन जिवंत आहे असे तुम्हाला वाटते का, असा प्रश्नही वाहिनीने प्रेक्षकांना विचारला, तेव्हा मत नोंदवणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी 'होय' म्हटले. दुसऱ्या दिवसापासून खरा प्रकार बाहेर पडू लागला आणि लोक चवताळले. शास्त्रज्ञ चवताळले ते ठीकच. पण साधे प्रेक्षक, ज्यांनी लहानपणी याच वाहिनीसमोर मांडी घालून समुद्र पाहिला होता, ते जास्त दुखावले. विल व्हीटन या नटाने तर लेख लिहून वाहिनीने प्रेक्षकांचा विश्वासघात केला आहे, माफी मागावी, असे बजावले.

आणि इथेच ते फुकटे वकील उभे राहिले. तिकडेही राहिले, इकडेही. टीव्हीवरचे खरे मानायला सांगितले कोणी? करमणूक होती, घटकाभर पाहायची, सोडून द्यायची. आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला तेव्हा विज्ञान शिकवणारे आमचे एक सहकारी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "सर, सत्तर टक्के! म्हणजे अमेरिकेत दहातले सात गाढव निघाले की हो!" सगळे हसले. मी त्यांना एवढेच विचारले, "गुरुजी, सकाळच्या तासाला तुम्ही नववीला अणूची रचना शिकवलीत. अणू पाहिला आहे का तुम्ही?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. (ते सत्तर टक्के अख्ख्या अमेरिकेचे नाहीत, कार्यक्रम पाहून मत कळवणाऱ्यांचे आहेत, हेही सांगायला हवे होते; पण आकड्यांच्या बाबतीत विज्ञानशिक्षकाला सुधारायचे म्हणजे स्टाफरूममधली शांतता मोडायची.) आपण जे जे जाणतो म्हणतो त्यातले स्वतः पाहिलेले किती? पृथ्वी सूर्याभोवती फिरते, रक्त हृदयातून फिरते, पानिपत १७६१ साली झाले. यातले मी काय पाहिले? आपल्याकडच्या न्यायशास्त्रकारांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या पंक्तीला 'शब्द' हे चौथे प्रमाण बसवले. शब्द म्हणजे मात्र ज्याचा त्याचा नव्हे, आप्ताचा. इथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हेत. ज्याला वस्तू प्रत्यक्ष ठाऊक आहे, आणि जशी ठाऊक आहे तशीच ती सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन तर पुढे जाऊन म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे. केवढे मोकळे मन! जाणता आणि सरळ सांगणारा असला म्हणजे झाले, तो कुठला कोण हा प्रश्नच नाही. मग एखादी टीव्ही वाहिनी आप्त का होऊ नये?

ती झाली होती, हाच तर मुद्दा आहे. पंचवीस वर्षे तिने खरे शार्क, खरा समुद्र, खरे संशोधक दाखवले. अतिशयोक्ती असे, भीतीचे संगीत असे, पण मासा खरा असे आणि माशाविषयी बोलणारा माणूसही खरा असे. त्या पंचवीस वर्षांच्या पुण्याईवर प्रेक्षकाने २०१३ साली विश्वास ठेवला. तीच वाहिनी, तोच आठवडा, तसाच निवेदकाचा गंभीर आवाज, चेहऱ्याखाली तशीच नावाची पट्टी. प्रेक्षकाच्या अनुमानात चूक कुठे होती, दाखवा पाहू. त्याने आप्तवाक्य प्रमाण मानले. आपण सगळे रोज सकाळी उठल्यापासून हेच करतो. औषधाच्या दुकानातून गोळी आणतो ती प्रयोगशाळेत तपासून गिळत नाही. उद्या एखाद्या कारखान्याने तीच वेष्टने वापरून आत खडूची भुकटी भरली, तर आजाऱ्याला 'चिकित्सक दृष्टी' नव्हती म्हणून हसणार आहोत का?

दुसरा बचाव 'करमणूक' या शब्दाचा. आमच्या या बाजूच्या माणसाला करमणूक म्हणजे काय हे अमेरिकेने शिकवू नये. दशावतारात संकासुर येतो तेव्हा लहान पोरे आईच्या पदरात तोंड लपवतात. भीती खरी असते. पण रात्री ज्याने संकासुर केला तो सकाळी बसस्टँडवर चहा पिताना दिसतो, आणि पोराला ते माहीत असते. तोंडाला रंग आहे, मागे पडदा आहे, पेटी वाजते आहे. हा रंग, हा पडदा म्हणजे नाटकवाल्याने प्रेक्षकाशी केलेला करार. 'जॉज' हा सिनेमा १९७५ साली आला. त्यातला शार्क यांत्रिक होता. लोक समुद्रात पाय घालायला घाबरू लागले, तरी आम्हाला फसवले असे म्हणत कोणी आले नाही. फार लांब कशाला, त्याच २०१३ च्या शार्क वीकची एक जाहिरात होती. स्नफी नावाच्या, आजारातून बऱ्या झालेल्या सीलला समारंभपूर्वक समुद्रात सोडायला नेतात, बातमीदार हजर आहेत, आणि सील पाण्यावर टांगलेला असतानाच शार्क वर येऊन त्याला मटकावतो. बातमीचे सोंग होते, पण ते सोंग आहे हे कळत होते. लोक पोट धरून हसले. म्हणजे थट्टा कळणारा प्रेक्षक तिथे होता, भरपूर होता. ज्यांना स्नफी कळला त्यांनाच ड्रेक कळला नाही, याचा अर्थ ड्रेक कळू नये अशाच बेताने रचला होता. माहितीपटाचा वेष हे त्या कार्यक्रमाचे सजावटीचे अंग नव्हते. तोच त्याचा माल होता. वेष काढला तर उरतो एक सुमार भयपट, ज्याला ४८ लाख सोडा, ४८ हजारही मिळाले नसते.

वाहिनीच्या कार्यकारी निर्मात्याने केलेला खुलासा तर मला वर्गात तर्कदोष शिकवताना फार उपयोगी पडतो. त्याचा आशय असा : मेगॅलोडॉन आहे की नाही यावर कित्येक वर्षे वाद चालू आहे, आणि ९५ टक्के समुद्र अजून माणसाने धुंडाळलेलाच नाही, तेव्हा कोणी सांगावे?

कोणी सांगावे! दात सांगतात. शार्कचे दात आयुष्यभर पडतात आणि नवे येतात. एकेक शार्क हजारो दात टाकून जातो. मेगॅलोडॉनचे दात जगभरच्या जुन्या थरांत विपुल सापडतात आणि एका काळानंतरच्या थरांत सापडायचे बंद होतात. 'चॅलेंजर' या इंग्रजी जहाजाने १८७० नंतरच्या दशकात पॅसिफिकच्या तळातून असे काही दात वर काढले होते. त्यांच्यावर चढलेल्या मँगॅनीजच्या पुटावरून ते अवघ्या अकरा ते चोवीस हजार वर्षांचे असावेत, असा हिशेब १९५९ साली एकाने मांडला. पुटाच्या जाडीवरून वय काढण्याची ती रीतच पुढे भरवशाची ठरली नाही आणि हिशेब बाद झाला. पण जिवंत मेगॅलोडॉनची कथा सांगणारे अजून त्याच हिशेबाला लोंबकळतात. शिवाय हा मासा उबदार, किनाऱ्याजवळच्या पाण्यातला. खोल समुद्रात गारठा आहे आणि एवढ्या धुडाला पुरेल असे खाणे नाही. तो व्हेलवर जगणारा होता, तर आजच्या व्हेलच्या अंगावर त्याच्या चाव्याच्या खुणा हव्यात. त्या नाहीत. घरात उंदीर आहे हे कळायला उंदीर दिसावा लागत नाही, लेंड्या दिसतात. आणि इथे पन्नास फुटांचा उंदीर म्हणतात!

न धुंडाळलेला समुद्र हा अज्ञानाचा पुरावा आहे. त्यातून मेगॅलोडॉनही काढता येतो आणि वरुणदेवाचा राजवाडाही. खरे म्हणजे याच साहित्यावर किती सुंदर कार्यक्रम झाला असता. एवढा बलाढ्य प्राणी गेला कसा? समुद्र गार होत गेले, त्याच्या भक्ष्यातल्या लहान व्हेल कमी झाल्या, पांढरा शार्क हा चपळ प्रतिस्पर्धी पुढे आला. यातले कशाचे वजन किती यावर अभ्यासक आजही भांडतात. ते भांडण खरे आहे. जो वाद नव्हता तो 'वाद' म्हणून विकला, आणि जो होता तो फेकून दिला.

हे एकदाच घडले असते तर मी एवढे पाल्हाळ लावले नसते. त्याच कंपनीच्या 'अॅनिमल प्लॅनेट' वाहिनीने आदल्या वर्षी, २०१२ साली, मत्स्यकन्या सापडल्याचा असाच 'माहितीपट' दाखवला होता. लोकांनी एवढी विचारणा केली की समुद्र व हवामान यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी खात्याला, जलमानवांचा कसलाही पुरावा मिळालेला नाही, असे जाहीर करावे लागले. एका सरकारी खात्याला! २०१३ च्या शार्क वीकमध्येच लुइझियानातल्या एका संशोधकाला त्याच्या खऱ्या अभ्यासाविषयी बोलते केले, आणि ती उत्तरे एका दंतकथेतल्या शार्कविषयीच्या प्रश्नांना जोडून दाखवली. असा एकदा पोळलेला अभ्यासक पुन्हा कॅमेऱ्यासमोर कशाला येईल? तो गेला की त्याची खुर्ची नटाला मोकळी.

आता माझ्या धंद्यापुरते बोलतो. त्या कार्यक्रमाचे तुकडे आजही मोबाइलवर फिरतात. नववीतल्या एका मुलाने ते पाहून मला विचारले, तेव्हा मी त्याला वर सांगितलेले दातांचे सारे समजावले. मुलगा हुशार. पटले त्याला. मान हलवून म्हणाला, "म्हणजे ते डिस्कव्हरीवालेपण खोटं दाखवतात." मी म्हटले, तो एक कार्यक्रम तसा होता. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "मग चंद्रावर माणूस गेला तेपण असंच असेल ना, सर?"

जे म्हणतात की अशा फसवणुकीने लोक शहाणे होतात, सावध होतात, त्यांनी या मुलासमोर बसावे. फसलेला माणूस चिकित्सक होतोच असे नाही. बहुधा तो उदास होतो. 'सगळेच खोटे' म्हणणे हा त्याला सोपा मार्ग वाटतो, आणि सगळेच खोटे ठरले की मग जे आवडेल ते खरे मानायला तो मोकळा होतो. चंद्रावरचा माणूस गेला आणि समुद्रातला राक्षस राहिला, असे हे त्रांगडे आहे. एका नटाला शास्त्रज्ञाचा कोट चढवणे वाहिनीला किती स्वस्त पडले असेल! ते निस्तरणाऱ्या शिक्षकांचे तास मात्र कोणत्याही हिशेबात धरलेले नाहीत.

हे झाले वकिलांविषयी. पण मी प्रेक्षकांची बाजू घेतो आहे म्हणून त्यांना हारतुरे घालणार आहे असे नाही. त्यांच्या रागाशीही माझे थोडे भांडण आहे.

एक तर, शिव्या देणाराही मोजला गेला. ४८ लाखांत संतापलेले आणि सुखावलेले असे वेगळे रकाने नसतात. म्हणून एवढ्या बोंबेनंतर २०१४ च्या ऑगस्टमध्ये वाहिनीने काय केले? मेगॅलोडॉनचा 'नवा पुरावा' म्हणून दुसरा कार्यक्रम दाखवला. शिवाय 'शार्क ऑफ डार्कनेस' हा आणखी एक, ज्यात दक्षिण आफ्रिकेत बोट उलटून शार्कने माणसे खाल्ल्याची बनावट हकीकत होती. त्यातला 'सबमरीन' नावाचा अजस्र शार्क म्हणजे केप टाऊनच्या काही पत्रकारांनी १९७० नंतरच्या दशकात थट्टेने उठवलेली अफवा. तरी राग वाया गेला नाही, हेही नोंदवले पाहिजे. जानेवारी २०१५ मध्ये वाहिनीचे नवे अध्यक्ष रिच रॉस यांनी असले बनावट माहितीपट यापुढे दाखवणार नाही, असे जाहीर केले. सुमारे दीड वर्ष लागले, पण प्रेक्षकांनी एक वाहिनी नमवली. 'तुम्ही विश्वास ठेवलातच कशाला' म्हणणाऱ्यांचे त्यांनी ऐकले असते तर हे झाले नसते.

दुसरे भांडण जरा खोल आहे. जुलै २०१७ मध्ये याच शार्क वीकमध्ये ऑलिंपिकचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स आणि पांढरा शार्क यांची 'शर्यत' झाली. शार्क जिंकला, दोन सेकंदांनी. पण शेजारच्या पाण्यात शार्क नव्हताच. त्याच्या वेगाची मोजमापे घेऊन संगणकावर बनवलेला शार्क फेल्प्सच्या बाजूला पोहताना दाखवला होता. लोक पुन्हा चिडले. आता या वेळी लपवाछपवी नव्हती. दोघे एका वेळी पाण्यात नसतील हे फेल्प्सने आधीच सांगितले होते. मग राग कशाचा? खरा शार्क खऱ्या माणसाच्या अंगाजवळ दिसला नाही याचा. २०१३ चा राग सत्यासाठी होता. २०१७ च्या रागात मला तिकिटाचे पैसे परत मागणाऱ्या माणसाचा आवाज ऐकू येतो. दोन्ही राग एकाच मापाने मोजू नयेत.

आणि दोन्ही वेळी एका गोष्टीवर कोणी फारसे चिडले नाही. ती म्हणजे खऱ्या शार्कविषयी वर्षानुवर्षे पसरवलेली भीती. मेगॅलोडॉन खोटा, म्हणून गहजब. पण जो शार्क खरा आहे त्याला दरसाल रक्तपिपासू म्हणून दाखवले, त्याचे काय? फ्लोरिडात शार्कच्या हल्ल्यांची जी जागतिक नोंद ठेवतात तिच्यानुसार २०२४ साली माणसाने न डिवचता शार्क चावल्याच्या ४७ घटना साऱ्या पृथ्वीवर घडल्या आणि त्यांत चार माणसे दगावली. उलट बाजूला, माणूस वर्षाला मारतो त्या शार्कची संख्या अभ्यासकांच्या अंदाजाने आठ कोटींच्या घरात जाते. शार्क वीकच्या २०१ भागांचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भीती भरपूर आणि शार्क वाचवायचे कसे हे सांगणारे भाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आढळले. तज्ज्ञ आणि भाष्यकार म्हणून झळकणारे 'माइक' नावाचे गोरे पुरुषच सगळ्या स्त्रियांपेक्षा जास्त भरले, हा त्यातला मासला. 'जॉज' कादंबरीचा लेखक पीटर बेंचली याने आपण रंगवलेल्या शार्कची भरपाई म्हणून उत्तरायुष्यात शार्कच्या रक्षणासाठी काम केले, आणि तो तर उघड उघड कादंबरीकार होता. माहितीपटवाल्यांवर त्याहून जास्त बंधन नको का?

आपणही यातून सुटत नाही. मुंबईकडची मुशी, मालवणात आणि गोव्यात मोरी, म्हणजे शार्कच. शार्क पकडणाऱ्या देशांत भारताचा क्रमांक बराच वरचा आहे. शार्कने खाल्लेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. मोरीचे सागुती घालून केलेले कालवण खाणारे मात्र मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांत मीही एक आहे.

गंमत अशी की प्रेक्षकाचा विश्वास या वस्तूचे मोल काय, हे दाखवणारा शार्कपट आपल्याच देशात झाला. माइक पांडे यांचा 'शोअर्स ऑफ सायलेन्स', साल २०००. (हाही माइकच निघाला, पण वेगळ्या जातीचा.) गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क मारले जात. जगातला सर्वांत मोठा मासा, माणसाला निरुपद्रवी, तोंड उघडे टाकून समुद्रातले बारीक जीव गाळून खाणारा. त्याच्या यकृताचे तेल होड्यांना लावायला, मांस परदेशी. पांडे यांनी हे जसे होते तसे टिपले. ते पाहून माणसे हलली, सरकार हलले, आणि मे २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंक्तीला बसवले. असे संरक्षण मिळालेला तो भारतातला पहिला मासा. पुढे २००४ पासून मोरारीबापूंनी किनाऱ्यावरच्या लोकांना सांगितले की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणारी लेक आहे. त्याला 'व्हाली', म्हणजे लाडकी, असे नाव पडले. पूर्वी त्याला भाल्याने टोचणारे कोळी आता तो जाळ्यात अडकला तर जाळे कापून सोडू लागले. शेकडो व्हेल शार्क असे सुटले आहेत.

हे कशाने झाले? दिल्लीतल्या कोणा अधिकाऱ्याने वेरावळला जाऊन मासे मोजले म्हणून नव्हे. पडद्यावर दाखवले ते खरे आहे, असे पाहणाऱ्यांनी मानले म्हणून. त्यांनीही 'टीव्हीवरचे काय खरे मानायचे' म्हणून कूस बदलली असती, तर व्हेल शार्कच्या तेलाने होड्या आजही रंगल्या असत्या. अमेरिकेतल्या त्या सत्तर टक्क्यांनी जो विश्वास ठेवला आणि व्हेल शार्कला ज्याने वाचवले, तो विश्वास एकच आहे.

माझे मागणे फार नाही. कथा सांगायची तर खुशाल सांगा, शार्कला तीन तोंडे लावा. पण मग तो कार्यक्रम चालू असेपर्यंत पडद्याच्या कोपऱ्यात 'काल्पनिक' हा शब्द ठेवा, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत, वाहिनीचे बोधचिन्ह ठेवता तसा. बोधचिन्हाला जागा सापडते तर त्यालाही सापडेल. शेवटच्या पाटीचा काही उपयोग नाही. आमच्या मुलांच्या मोबाइलवर जे तुकडे येतात त्यांत डॉक्टर ड्रेक अजून तितक्याच गंभीरपणे बोलत असतात, आणि पाटी त्या तुकड्यांत नसते.